अंधार मागणारी बाई

विशाखाताई कुणाच्या घरी आली, की त्या घरातलं एखादं माणूस हळूच उठायचं आणि विजेच्या बोर्डासमोर जाऊन उभं राहायचं. आमच्या ढाणकीत ती रीतच पडून गेली होती. ताई दारात चपला काढायची, जयभीम घालायची, पाण्याचा पेला घ्यायची आणि पेला अर्धा व्हायच्या आत विचारायची, "इन्व्हर्टर घेतला म्हनते?" घरमालक अभिमानानं हो म्हणायचा. तेवढ्यात तिनं मेन स्विच पाडलेला असायचा.

घरभर अंधार. पंखा रेंगाळत थांबतोय, टीव्हीसमोरच्या बाया ओरडतायत, आणि ही पेला हातात धरून छताकडे बघत उभी. दिवा आला तर तिचा चेहरा असा उजळायचा की जणू घरात बारसं आहे. नाही आला तर ती मालकाला जवळ बोलावून मायेनं विचारायची, "बॅटरीत पानी कधी टाकलं होतं, भाऊ?" त्यावर भाऊ जे काही सांगायचा ते खोटं असायचं, आणि दोघांनाही ते ठाऊक असायचं.

उमरखेडला एका लग्नात तिनं ऐन फुलं टाकायच्या वेळी मंडपाचा मेन पाडला. मंडपवाल्यानं भाड्याचं जनित्र आणून मागे उभं केलं होतं आणि सगळ्यांना सांगत सुटला होता की लाइनची काळजी करू नका. जनित्र सुरूच झालं नाही. फोटोवाला तिच्या अंगावर धावून आला. तिची आई सोनाबाई पुढच्याच खुर्चीवर बसली होती. ती न उठता म्हणाली, "माही पोरगी सोताचं लगन करत नाही, अन् दुसऱ्याचं होऊ देत नाही." सगळा मंडप अंधारात हसला. ताईही हसली. पण नंतर त्या मंडपवाल्याला बाजूला घेऊन तिनं जनित्राच्या डिझेलच्या नळीत अडकलेली हवा कशी काढायची ते दाखवलं, आणि त्या भानगडीत तिच्या नव्या पांढऱ्या साडीला डाग पडला तो कायमचा.

लोक म्हणत, पोरगी शिकून येडी झाली. ती वेडी नव्हती. तिचं कामच ते होतं. ती विजेची इंजिनिअर होती आणि कितीतरी वर्षं तिनं देशातल्या विमानतळांसाठी एकच गोष्ट आखली होती: लाइन गेल्यावर काय. सोनाबाईला कुणी विचारलं, "तुमची पोरगी इमान चालवते काय?" तर ती सांगायची, "नाही वं, इमानाखालचा दिवा इझू देत नाही."

ताई आम्हाला समजावून सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. अंधारात विमान खाली येतं तेव्हा चालकाला जमीन दिसत नाही. दिव्यांच्या दोन ओळी दिसतात, तीच त्याची जमीन. लाइन गेली की जमीन गेली. मग जनित्रानं आपलं आपण सुरू व्हायचं, दम धरायचा आणि सगळा भार खांद्यावर घ्यायचा. मधे काही सेकंद अंधार असतो. तेवढा अंधार नियमात बसतो, त्याहून जास्त नाही. "त्या काही सेकंदासाठी मी शिकली," असं ती म्हणायची. तिची आणखी एक गोष्ट होती. कुठल्याशा दूरच्या विमानतळावर दर महिन्याला जनित्र सुरू करून बघत, ते छान घुमे, लोक समाधानानं चहा प्यायला जात. ताईनं एकदा त्याच्यावर खरा भार टाकला तेव्हा ते खोकलं आणि बसलं. त्यावर भार कधी कुणी टाकलाच नव्हता. "भार न घेतलेलं जनित्र म्हंजे नुसता आवाज," ती म्हणायची, आणि मग माझ्याकडे बघून, "तुमच्या पत्रकासारखा."

तो टोमणा मला होता. मी पत्रकांवर वाढले. माझ्या बापाचा छोटा छापखाना होता. आमच्या घरात पोळी भाजायच्या आधी शाईचा वास यायचा आणि मला पहिली अक्षरं कळली ती 'जाहीर निषेध' ही. पत्रकात 'कदाचित' हा शब्द नसतो. ताईच्या बोलण्यात तो सतत असायचा. आमचं दोघींचं भांडण तिथूनच सुरू व्हायचं.

ती असं सगळं तपासून का बघते, याचं कारण गावानं स्वतःच तयार केलं होतं. म्हणे तिचा बाप लाइनमनच्या हाताखाली होता, लाइन बंद आहे असं कुणीतरी सांगितलं आणि तो खांबावर चढला. ही गोष्ट मीही खरी समजत होते. एकदा तिलाच विचारलं तर ती खो खो हसली. तिचा बाप शिंपीकाम करायचा, बाजाराच्या दिवशी झाडाखाली मशीन मांडून. म्हातारपणी खोकल्यानं गेला. पण कापड गिऱ्हाइकाला देण्याआधी तो प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी जोरात ओढायचा. "फाटाचं असंल त माह्या हातात फाटू दे," म्हणायचा. सोनाबाईला अजून ती सवय होती. नातवाचा नवा सदरा असो की भाजीची पिशवी, म्हातारी आधी शिवण ओढून बघायची.

ताई नोकरी सोडून गावी आली ती आईसाठी, आणि थोडी थकली होती म्हणूनही. त्याच सुमारास ढाणकी आणि फुलसावंगीच्या मधल्या माळावर धावपट्टी मंजूर झाली. छोटी विमानं उतरतील, रुग्णाला नागपूरला नेतील, अंधार पडल्यावरही. ही मागणी आमचीच होती. आमच्या पट्ट्यातली माणसं नागपूरच्या रस्त्यावर मरतात, हे आम्ही पत्रकांतून ओरडत आलो होतो. मी ते पत्रक ताईला दाखवायला नेलं तेव्हा तिनं ते शांतपणे वाचलं, मागची कोरी बाजूही बघितली आणि विचारलं, "लाइन गेल्यावर काय, हे कुठी लिवलं?"

मग धावपट्टीच्या राखीव विजेचा आराखडा करायचं काम तिच्याकडेच आलं. तिनं आखलं ते असं: दोन वेगळ्या उपकेंद्रांतून दोन लाइनी, दोन वेगळ्या वाटांनी. एक गेली तर दुसरी. आणि दोन्ही गेल्या तर जनित्र, कारण दोन्ही उपकेंद्रांना वीज एकाच मोठ्या केंद्रातून यायची; तिच्या भाषेत, "दोन्ही लाइनीची माय शेवटी एकच हाये, ते मेली की दोन्ही उपाशी." ठेकेदारानं लाइनी ओढल्या. ताई त्या लाइनींच्या खालून पायी चालत निघाली, सोयाबीनमधून, कपाशीच्या पऱ्हाटीतून, बांधावरून. पोरं मागे लागली की बाई खांब मोजून राह्यली. नाल्यापाशी ती थांबली. ठेकेदारानं नाला ओलांडताना खर्च वाचवायला दोन्ही लाइनी एकाच खांबावर घेतल्या होत्या. कागदावर दोन वाटा होत्या, आणि नाल्यावर एक.

"हा खांब पडला का संपलं," ती म्हणाली.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "मॅडम, खांब कायले पडते?"

ती त्याच्यासमोर नाल्याच्या काठावर बसली आणि एक लाइन वेगळ्या खांबावर नेल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. ती उठली नाही. तिथंच तिला रामधन राठोड भेटला. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा, जनित्रं दुरुस्त करणारा, बाजरीची भाकर फडक्यात बांधून आणणारा. दिवसभर बसलेल्या बाईला त्यानं निम्मी भाकर दिली आणि गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, काहीतरी म्हणाला. ताईनं अर्थ विचारला तर लाजून म्हणाला, "आमच्या याडीसारखी बसली तुमी, असं म्हनलं." याडी म्हणजे आई. शेवटी दुसऱ्या लाइनीसाठी लांबवर वेगळा खांब उभा राहिला. ताईनं साहेबांना सांगून रामधनला धावपट्टीच्या जनित्रावर नेमून घेतलं. त्या दोघांचं तिथं एक राज्यच तयार झालं. ती त्याला रामधनभाऊ म्हणायची, तो जनित्राला पोरगी म्हणायचा.

इथपर्यंतची विशाखाताई मला आठवते ती हसरी. त्यानंतरची वेगळी.

धावपट्टी तयार झाली. आता फक्त एक चाचणी राहिली होती आणि तिच्या दाखल्यावर ताईची सही. ती चाचणी ताईच्या रक्तातली होती: दिवे लावायचे, दोन्ही लाइनी पाडायच्या आणि बघत राहायचं. तिची अट एकच होती. जनित्र गार पाहिजे. सकाळपासून त्याला कुणी हात लावायचा नाही. कारण संकट सांगून येत नाही, त्या वेळी जनित्र झोपलेलंच असतं. झोपेतून उठून ते भार घेतं की नाही, तेवढंच बघायचं होतं.

पण आमच्याकडे चाचणीचाही समारंभ होतो. मांडव घातला, गालिचा अंथरला, राजधानीतून पाहुणे आले, नारळ आला. बँडवाले आले. कुणालातरी वाटलं की दिवे पाडायचे आणि परत आणायचे हा खेळ पाहुण्यांसमोर केला तर फोटो झकास येतील. मी लोकांत मागे उभी होते. सोनाबाई पुढच्या रांगेत होती, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत. सकाळपासून ती भेटेल त्याला सांगत होती, "पोरीनं लावलेल्या दिव्यात मले एकदा इमानात बसाचं हाये. मंग मेली तरी चालते."

सूर्य बुडाला. माळ राखाडी झाला आणि दिव्यांच्या दोन ओळी लागल्या, थेट क्षितिजापर्यंत. आमच्या त्या उघड्या माळावर इतकं सुंदर काही मी कधी पाहिलं नव्हतं. बँड जोरात वाजत होता. पाहुण्यांनी कळ दाबली, दोन्ही लाइनी पडल्या.

दिव्यांनी डोळा मिचकावला आणि ते परत लागले.

टाळ्या. बँड आणखी जोरात. पाहुणे हसत मागे वळले. आणि ताई पांढरीफटक पडली. सगळ्या त्या गर्दीत एकटीच ती. आम्ही दिवे आले म्हणून नाचत होतो, आणि तिला दिसत होतं ते एवढंच की अंधार पडलाच नाही. गार जनित्राला उठायला वेळ लागतो. तेवढा अंधार पडायलाच हवा होता. तो पडला नाही, म्हणजे जनित्र आधीपासून चालू होतं. बँडच्या आवाजात त्याची घरघर कुणाला ऐकू आली नव्हती.

ती मंचावर गेली. माइक मागितला नाही, पण आवाज सगळ्यांपर्यंत पोचला. "चाचणी झाली नाही," ती म्हणाली. "परत घ्या."

परत कोण घेणार? फोटो निघाले होते, पाहुणे गाडीत बसत होते. एका साहेबानं तिला समजावलं की मॅडम, पास झालेला पेपर परत कोण सोडवतं. परत घेतली तर पाहुण्यांसमोर नाटक केलं असा अर्थ होईल. आमच्या देशात खोटी चाचणी चालते. खोटी होती असं म्हणणं चालत नाही. दाखल्याचा कागद तिच्यापुढे धरला होता, पेनसुद्धा उघडून. तिनं पेनाचं टोपण लावून ते परत दिलं.

मग ती मागे गेली, जनित्राच्या खोलीत. रामधन तिथं उभा होता, कपाळावर कुंकू, हातात नारळाची शकलं. त्यानं काही लपवलं नाही. गार पोरगी पहिल्या झटक्यात उठली नाही तर काय, या भीतीनं त्यानं तिला बँड सुरू होताच चालू करून ठेवलं होतं. मोठ्या माणसांपुढे अंधार बरा नाही, असं चार लोक म्हणालेच होते. कुणाचा हुकूम नव्हता, कुणाचा पैसा नव्हता.

"पाव्हन्याइच्या समोर तुमची इज्जत जाईन, ताई, म्हून."

तिनं गरम जनित्रावर हात ठेवला. मग म्हणाली, "रामधनभाऊ, मले इज्जत नव्हती पाह्यजे. मले अंधार पाह्यजे होता."

तो तिथंच बसला आणि रडायला लागला. ती त्याला रागावली नाही, हे मला आजही पेलत नाही. मी असते तर त्याचं नाव पत्रकात छापलं असतं. मी तसं म्हणालेही. ती म्हणाली, "पोरी, या मानसानं मले वाचवलं असं त्याले वाटते. त्याचं नाव छापून काय होईन?"

पुढचं सगळं लवकर झालं. दुसऱ्या कुठल्या शहरातल्या इंजिनिअरनं इकडे पाऊल न टाकता सही करून पाठवली. विमानं यायला लागली. ताईला गेटच्या आत मनाई झाली. लाइनच्या खोलीला साहेबांचं कुलूप पडलं, त्यामुळे रामधनला मनात असूनही खरी चाचणी करता येईना. तो रोज सकाळी जनित्र पुसायचा, बॅटरी बघायचा, ते चालवून बंद करायचा. भार मात्र कधीच नाही. धावपट्टीचे दिवे लागत ते विमान यायचं असेल तेव्हाच, आणि आतापर्यंत त्या वेळी लाइन होती.

ताईनं मला पत्रक लिहायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं एकेक वाक्य सांगितलं आणि मी लिहिलं: खरी चाचणी होईपर्यंत अंधारात विमान उतरवू नका, आपलं माणूस त्यात घालू नका. मी त्यात 'भ्रष्ट' हा शब्द टाकला तर तिनं तो खोडायला लावला. "आपल्याले माहीत नाही जनित्र उठते का नाही. माहीत नाही, एवढंच लिव्ह." मी ढाणकीच्या बाजारात ते वाटलं. लोकांनी घेतलं आणि त्यात भजी बांधून घेतली. एक माणूस मला म्हणाला, "आमी इतकी वर्सं विमान मागतलं, अन् आता तुमचीच बाई नको म्हनते काय? मोठ्या लोकाइनं पैसे देल्ले वाटते तिले." ज्यांच्यासाठी ती उन्हातून खांब बघत फिरली, त्या माणसांचं हे बोलणं. मी त्याच्याशी भांडले.

मग सोनाबाई पडली.

दुपारी अंगणात बसून ती नातवाची शाळेची पिशवी शिवत होती. बोलता बोलता वाचा गेली, तोंड वाकडं झालं. उमरखेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्त उतरलंय, ऑपरेशन लागेल. नांदेडचे सर्जन बाहेरगावी होते. नागपूर गाठायला हवं. दिवस कलायला आला होता. डॉक्टर म्हणाले, विमानाला फोन करा, अंधार पडता पडता येईल.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ताई, तिचा धाकटा भाऊ सिद्धार्थ आणि मी होतो. सिद्धार्थनं मोबाइल काढला. ताईनं त्याचा हात धरला.

"रस्त्यानं नेऊ."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. "ताई, लोक चालले ना विमानानं. कोनाले काय झालं?"

"लाइन होती म्हून काही नाही झालं."

"अन् आजच नाही राहनार काय लाइन?"

"थेच त मले माहीत नाही, सिद्धार्थ." तिनं त्याचा हात सोडला नाही. "माहीत नाही. माहीत असतं त मी सोता तिले उचलून नेली असती."

तो तिच्या पाया पडला. मोठा मिशीवाला माणूस, फरशीवर गुडघे टेकून. म्हणाला, "तुही सही गेली खड्ड्यात. माय हाये व थे."

ती म्हणाली, "गावातल्या सगळ्याइच्या मायले मी नको म्हनलं. आता माही माय हाये म्हून हो कशी म्हनू?"

मी तिथं होते. मी तत्त्वाची माणूस, पत्रकांवर वाढलेली. त्या क्षणी मला ती चूक वाटली नाही आणि बरोबरही वाटली नाही. मला फक्त तिच्याकडे बघवत नव्हतं. ती भिंतीला टेकली होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, जणू त्यातला एक हात तो मोबाइल हिसकावून विमान बोलावेल अशी तिला भीती होती. सिद्धार्थनं शेवटपर्यंत फोन लावला नाही. का नाही लावला, हे त्यानं कधी सांगितलं नाही. मला वाटतं, आयुष्यभर बहिणीचं खरं निघताना पाहिलं होतं त्यानं, आणि आत कुठंतरी तोही घाबरला.

रुग्णवाहिका निघाली. महागाव मागे पडलं. ताई आईचा हात धरून बसली होती आणि मधूनमधून मागच्या काचेतून बघत होती. माळाच्या दिशेनं दूरवर गावांचे दिवे लागले होते. ते लागलेलेच राहिले. त्या संध्याकाळी आमच्या पूर्ण भागात लाइन एकदाही गेली नाही. आर्णीच्या अलीकडे सोनाबाई गेली.

विमानालाही यायला वेळ लागला असता, कदाचित ती तशीही वाचली नसती, हे डॉक्टरांनी सिद्धार्थला सांगितलं. पण सांगितलं ना, पत्रकात 'कदाचित' नसतो. गावाच्या तोंडातही नसतो. बाया विहारात वंदनेला बसल्या तेव्हासुद्धा कुजबुज चालू होती. एकजण मोठ्यानंच म्हणाली, "मायले दिव्यावर सोडलं नाही, रस्त्यावर सोडलं." सिद्धार्थनं बहिणीशी बोलणं टाकलं. रामधन मातीला आला होता. तो ताईच्या समोर यायला धजला नाही, लांब बाभळीखाली उकिडवा बसून राहिला आणि लोक निघाल्यावर जागेवर आला. मूठभर माती टाकताना तो याडी, याडी म्हणत होता. त्याला कळलं होतं. त्या दिवशी त्यानं तेवढे काही सेकंद अंधार पडू दिला असता आणि जनित्र उठलं असतं, तर ताईनं सही केली असती, आणि आज म्हातारी विमानात बसली असती. ते सगळ्यांत आधी ताईला कळलेलं होतं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. उलट ती स्वतः त्याच्याजवळ गेली आणि खांद्यावर हात ठेवून जेवून जा म्हणाली.

त्यानंतर ताई घरोघरी जायची थांबली नाही. पण तिनं मेन पाडणं सोडलं. पाण्याचा पेला घेऊन गप्प बसायची. कुणी आता उठून बोर्डासमोर उभं राहायचं नाही. ते फार भयंकर होतं. एकदा माझ्या आईला राहवलं नाही. ती म्हणाली, "विशाखा, नवी बॅटरी आनली वं आमी. पाड ना मेन." ताईनं हसल्यासारखं केलं आणि पेला पूर्ण रिकामा करून निघून गेली.

संध्याकाळी मात्र ती माळावर जायची. धावपट्टीच्या कुंपणाबाहेर, दुसऱ्या लाइनीच्या त्या वेगळ्या खांबाच्या बाजूला बसायची. मी कधी सोबत जायचे. आत लांबवर रामधन जनित्राच्या खोलीबाहेर उभा दिसायचा. दोघं एकमेकांकडे बघायचे. हात कुणीच करायचं नाही. ती कशाची वाट बघत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. दिवे गेले आणि आलेच नाहीत, तर तिची आई ज्यासाठी गेली ते खरं ठरेल. पण मग त्या विमानातल्या माणसांचं काय? आणि दिवे आले, तर?

तिची शेवटची गोष्ट मला सांगायची आहे ती तिथलीच.

हवा कोंदट होती. पश्चिमेला थोडा उजेड उरला होता. धावपट्टीचे दिवे लागले, म्हणजे विमान येणार होतं. थोड्या वेळानं उत्तरेकडून त्याची घरघरही यायला लागली. आणि फुलसावंगीच्या बाजूनं अंधार पसरत आला. एकेक गाव पुसल्यासारखं गेलं, मग ढाणकी, मग आमच्यासमोरच्या दोन्ही ओळी. दोन्ही लाइनींची माय गेली होती.

काळा माळ. वर विमानाचा आवाज, खाली काहीच नाही.

ताई उभी राहिली आणि तिनं धावपट्टीकडे पाठ केली. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला म्हणाली, "तू पाह्य."

मी बघत होते. जनित्राच्या खोलीतून आधी एक झटका ऐकू आला, सुका. मग घरघर. ती वाढत गेली, भार घेताना क्षणभर बसली, आणि परत चढली.

"आले काय?" ताईनं विचारलं. तिच्या बोटांमधून आवाज आला.

तिला खोटं सांगायची माझी हिंमत नव्हती. "आले, ताई."

दिव्यांच्या दोन्ही ओळी उभ्या होत्या. तिनं आखल्या होत्या तशाच, तितक्याच अंधारानंतर. गार जनित्र उठलं होतं. पाठीमागून विमान उतरलं, त्याच्या चाकांचा आवाज माळावर लांबत गेला. त्यातल्या कुणाला काहीच कळलं नसेल. ताई वळली नाही. तिचे खांदे हलत होते, आणि आवाज मात्र नव्हता.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि साध्या आवाजात, जणू बाजारातून काही आणायचं राहिलं होतं, म्हणाली, "आता सही करता येईन."

ती गेटकडे चालायला लागली. मी मागे. गेटवरचा माणूस तिला ओळखत होता. तो गडबडून म्हणाला, साहेब गेले, ऑफिस बंद हाये, अन् सही त झाली ना कवाचीच. ती तरी उभी राहिली. तेवढ्यात उमरखेडच्या रस्त्यानं दिवा फिरवत रुग्णवाहिका आली. पुढे चालकाशेजारी एक तरुण पोरगा बसला होता, हात जोडून, कुणालाच उद्देशून नाही. मागच्या काचेतून एका म्हातारीचे पांढरे केस दिसत होते.

गेट दोन फळ्यांचं, जड, गंजलेलं. गेटवाल्यानं एक फळी ओढायला घेतली. दुसरी ताईनं ओढली, पाय रोवून, पूर्ण अंगाचा भार देऊन, गाडी आत जाईपर्यंत.